सरकार, पायरी आहे

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस. अक्षर माझंच आहे, हात धडधाकट आहेत आणि डोकंही ठिकाणावर आहे, निदान पूर्वी होतं तेवढं तरी. पत्र लिहायची वेळ का आली ते सांगतोच, पण आधी आपल्या घरातल्या कॉम्प्युटरनं जो छळ मांडलाय तो ऐक, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. फोनवर टाइप करून सांगता आलं असतं, पण माझे अंगठे तुला माहीत आहेत. चार ओळी होईपर्यंत चहा गार होतो, आणि हे चार ओळींत मावणारं नाही. तेव्हा निवांत बस, आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आजच्या दिवस बाजूला ठेव.

तुझा काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला जगातलं सगळं दुरुस्त करता येतं. आपला कॉम्प्युटर म्हातारा झालाय, सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तुझ्या आईच्या तर काहीच कामाचा नाही, असं त्याचं मत पडलं. आईची नजर आता तू मागच्या खेपेला पाहिलीस त्याहून खाली गेली आहे. मधोमध डाग, कडेकडेनं तेवढं दिसतं. माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. काका म्हणाला, एक दुसरी सिस्टिम मिळते, फुकट आहे, हलकी आहे, आणि पडद्यावर जे लिहू ते ती मोठ्यानं वाचून दाखवते. जुनीला हात लावायचा नाही, ती आहे तशी राहील, शेजारी नवी टाकू. मला बेत पसंत पडला. दोन भावांनी एकाच घरात मधे भिंत घालून दोन चुली मांडाव्यात, तसे त्यानं एकाच डिस्कचे दोन कप्पे केले. कॉम्प्युटर सुरू केला की तो विचारायचा, कुणाकडे जायचंय? वरचं नाव माझ्या जुन्या सिस्टिमचं, खालचं आईच्या नव्या सिस्टिमचं. आईची लगेच बोलायला लागली. काका दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

मग मी एकदा माझ्या कप्प्यात जायला गेलो, तर निळा पडदा. त्यावर मजकूर, की हा भाग कुलूपबंद आहे, उघडण्यासाठी तुमची किल्ली द्या. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. आम्ही कुलूप कधी लावलंच नव्हतं, भिंगरे! चौकशी केली तेव्हा कळलं, की हल्ली ते दुकानातूनच लागून येतं, मालकाला पत्ताही नसतो. रोज निमूट उघडत होतं. काकानं मधे भिंत घातली, तशी त्या यंत्राची खात्री पटली की घरात कुणीतरी परका शिरलाय, आणि ते दार आतून लावून बसलं. काका म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आईच्या बाजूनं जाऊ. तिकडून माझा कप्पा दिसतो की! डाव्या हाताला डिस्कचं चित्र आहे, खाली नाव आहे, आत किती भरलंय तेही लिहिलंय. फक्त उघडत नाही. काकानं काळी खिडकी उघडून त्यात कायकाय हुकूम सोडले. प्रत्येक हुकमाला उत्तर एकच, परवानगी नाही. दोन मिनिटांच्या त्या कामात आठवडा गेला.

एक बटण मात्र सदोदित तयार असतं. सगळं पुसून कप्पा मोकळा करायचा का, असं विचारणारं. त्याला किल्ली लागत नाही, परवानगी लागत नाही. म्हणजे आत जायला बंदी आहे, पण जाळून टाकायला नाही. काकाचा हात तिकडे वळलेला बघून मी त्याच्या मनगटावर अशी चापट मारली, की तो बिचारा चहासुद्धा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी आला म्हणा. वाईट त्यालाही वाटतंय, पण वाईट वाटलं की तो जास्तच हुकूम सोडतो.

दुरुस्तीवाल्याकडेही नेऊन आणला. त्यानं बघितलं आणि सांगितलं, काळजी करू नका, आतलं सगळं जसंच्या तसं आहे, जगात कुणी चोरू शकणार नाही. मी पाटीवर लिहून विचारलं, मालक? तो म्हणाला, मालकसुद्धा नाही. किल्ली खात्यात साठवलेली असते म्हणे. ते खातं विकत घेतानाच दुकानदारानं काढून दिलं होतं, पटकन मोकळं व्हावं म्हणून मनाला येईल ते नाव घालून. त्याला गाठलं. तो आता फोनची कव्हरं विकतो. त्यानं प्रामाणिकपणे डोकं खाजवलं आणि म्हणाला, काका, त्या काळात मी दिवसाला अशी कितीतरी खाती काढायचो, कुणाचं काय ठेवलं ते कसं आठवणार. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी राग येईना.

पाटीवर लिहून का विचारलं, असं तुझ्या मनात आलं असेल. येऊ दे. आता तिथंच येतोय. घशावर छोटंसं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही आठवडे बोलायला बंदी केली आहे, असं आम्ही तुला सांगितलं. तू फोनवर खदाखदा हसलीस, म्हणालीस, बाबाला मौन म्हणजे जन्मठेपच की. आई माझ्या शेजारी बसली होती. ती पण हसली, आणि फोन ठेवल्यावर उठून आत गेली. भिंगरे, ती बंदी उठणार नाही. घशात गाठ होती, आणि ती चांगली नव्हती. स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ गेली, मी बरा आहे, जेवतो, झोपतो, भाजी आणतो. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून घेतो, त्यावर पातळ रुमाल बांधतो. रागवायचं असेल तर आईवर रागाव, हुकूम तिचा होता. पोरीची नवी नोकरी, परकं गाव, ती सगळं टाकून धावत येईल, म्हणाली. पण खरं सांगू का? मलाही धीर झाला नाही. जन्मभर लोकांच्या कानाशी ओरडून, गाडी शिकवून पोट भरलं मी. हाफ क्लच, हाफ क्लच, आरसा बघा, आरसा तुमचं तोंड बघायला नाही! त्या दातांच्या डॉक्टरीणबाई वळणावर डोळे मिटून घ्यायच्या, त्यांना मी नुसत्या आवाजावर चौक पार करून दिलाय. अशा माणसानं आपल्या मुलीला काय लिहून कळवायचं?

आता त्या कप्प्यात काय आहे ते सांगतो. फोटो नाहीत, फोटो तुझ्याकडेही आहेत. माझा आवाज आहे. ऑपरेशनच्या आधी इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी मला बसवून सांगितलं, की अजून आवाज आहे तोवर तो भरून ठेवा, त्यावरून पुढे एक यंत्र तुमच्याच आवाजात बोलू शकेल. त्यांनी वाक्यांची यादी दिली. अडगळीच्या खोलीत गाद्या आणि रजया चहूबाजूंनी उभ्या करून मी मधे स्टूल टाकून बसायचो, आणि घामाघूम होऊन कॉम्प्युटरशी बोलायचो. आज हवा छान आहे. मला पाण्याचा पेला द्या. आई दाराबाहेर खुर्चीवर बसून ऐकायची. एका दुपारी म्हणाली, ही कसली मेली वाक्यं, असं तू कधी बोलतोस तरी का? पाण्याचा पेला द्या म्हणे! जन्मात कधी मागितलास का, स्वतः उठून घेतोस नाहीतर ओरडतोस. मग तिनंच आपली वाक्यं सांगायला सुरुवात केली. औषधांच्या दुकानात इतकी वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावलेली बाई, तिला नेमकं काय हवं ते नेमकं माहीत असतं. सरकार, पायरी आहे. सरकार, थांब, गाडी येतेय. सरकार, डावीकडे जरा. दार उघडं आहे, डोकं सांभाळ. चहात साखर मी घातलीय, तू घालू नकोस.

तुला ठाऊक आहे, मी तिला सरकार म्हणतो ते चेष्टेनं सुरू झालं. पण नजर गेल्यापासून ती माझ्या आवाजावर चालते. हात धरलेला तिला आवडत नाही, मी काय गाठोडं आहे का, म्हणते. मी उजवीकडून एक पाऊल मागे चालायचो आणि बोलत राहायचो, ती ताठ मानेनं पुढे. रस्त्यातल्या लोकांना कळायचंही नाही की हिला दिसत नाही. त्यांना वाटायचं, नवरा फार कटकट्या आहे. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं, की सगळं भरून झालं की पेनड्राइव्हवर घालून आणून द्या. मधेच ऑपरेशनची तारीख अलीकडे आली, धावपळ झाली, ते राहून गेलं. मी म्हटलं, जातंय कुठं, घरातच तर आहे. आणि खरंच घरात आहे गं. मी हे लिहितोय त्या टेबलावर, हाताच्या अंतरावर.

काकानं नवी सिस्टिम का टाकली, ते आता लक्षात आलं असेल. मी टाइप करायचं, यंत्रानं मोठ्यानं वाचायचं, आईनं ऐकायचं. कल्पना उत्तम. फक्त त्या यंत्राला स्वतःचा एक आवाज आहे, कुणा गुळगुळीत बोलणाऱ्या तरुण माणसाचा. मी पहिल्यांदा लिहिलं, सरकार, चहा झाला. त्यानं वाचलं. आई पटकन पदर सारखा करत उठली आणि म्हणाली, हो हो, तुम्ही बसा ना. तुम्ही! मला, ज्याला तिनं लग्नाआधीपासून अरेतुरेशिवाय कधी हाक मारली नाही! मग आम्ही दोघं हसलो. मी हसलो की आता नुसता वारा येतो, पण तिला तो ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्याही दिवशी. कळत असूनही तिच्या तोंडून तुम्हीच येतं. शेवटी तिनं सांगितलं, त्या माणसाला बंद कर, घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं. घशाला लावून बोलायचं एक यंत्र असतं, तेही पाहिलं, पण माझी कातडी किरणांच्या उपचारांनी कडक झालीय, त्यातून नुसतं घुर्र होतं. खिशात सायकलची घंटी ठेवून बघितली. आई कडाडली, मी काय तुझ्या वाटेत आलेय का! आता जवळ असलो की तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढतो. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जवळ असलो की सगळं बरं चालतं.

कंपनीच्या मदतीच्या नंबरलाही फोन करून झाला. तो प्रसंग तू बघायला हवा होतास. पडद्यावरचा आकडा मला दिसतो पण बोलता येत नाही, आईला बोलता येतं पण दिसत नाही. फोन टेबलावर, पलीकडे एक गोड गळ्याची मुलगी, आणि मी आईच्या तळहातावर एकेक आकडा काढतोय. घाईत माझा एक आणि सात सारखाच यायला लागला. आई ओरडली, नीट काढ ना रे, गुदगुल्या काय करतोस! पलीकडची मुलगी बावरून सॉरी म्हणाली. तिला वाटलं, आपल्यालाच बोलल्या. नाव झालं, जन्मतारीख झाली, सगळं तिनं लिहून घेतलं. मग ती म्हणाली, आता फोन खातेदारांकडे द्या, संमती त्यांच्या स्वतःच्या आवाजात हवी. आईनं एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मग तिचा आवाज चढला. अगं बाई, त्याचा आवाज तुमच्याकडेच अडकलाय, तो सोडवायलाच तर फोन केलाय, मी तो तुला कुठून आणून देऊ?  मग त्या मुलीनं वरिष्ठांना विचारलं, नियम बाजूला ठेवला, आणि खूप वेळ मनापासून शोधलं. आमच्या नावावर किल्ली नव्हतीच. ती दुकानदारानं मनाला येईल तसं घातलेल्या कुठल्यातरी नावावर होती. फोन ठेवताना ती मुलगी रडवेली झाली होती. आईनंच तिची समजूत काढली.

इथपर्यंत मी सगळं थट्टेवारी नेत होतो. मागच्या आठवड्यात थट्टा संपली. मी पॅसेजमध्ये वाळलेले कपडे काढत होतो, आई स्वयंपाकघरात होती. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, मीच बरणी काढून तसंच ठेवलं होतं. तिच्या हातून चमचा पडला. ती वाकली, चाचपून चमचा उचलला, आणि आता उठणार हे मला दिसलं. मधे आठ-दहा पावलं. भिंगरे, माझा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक असतो ना, तोच. इतक्या वर्षांत किती पोरांना, किती बायाबापड्यांना त्या पायानं वाचवलं असेल. तोंड उघडलं, छाती भरली, आणि गळ्यातल्या भोकातून नुसता फुस्स वारा गेला. ती उठली. दाराचा कोपरा कपाळात शिरला. मी पोचलो तेव्हा ती खाली बसली होती, बोटांमधून रक्त येत होतं. फार नाही, तीन टाके पडले, आता बरी आहे. पण ती कळवळली नाही, ओरडली नाही. हवेत हात पुढे करून तिनं मला चाचपलं आणि हळूच विचारलं, तू तिथंच होतास का रे? मी तिच्या तळहातावर एक टिचकी मारली. ती हं म्हणाली. तेव्हापासून ती घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालते. संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. मला सांगते, पाय दुखतात. मी टिचकी मारतो, हो. आम्ही दोघंही खोटं बोलायला शिकलो.

आता पत्राचं कारण. संध्याकाळी फिरताना मी तुला बोलून निरोप पाठवायचो, आठवतंय ना? तू त्यांना बाबाचं बातमीपत्र म्हणायचीस. कुणाच्या गाडीला पोचा आला, कोण तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झालं, कोपऱ्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली. किती ऐकलेस आणि किती नुसते साठवलेस, याचा हिशोब मी मागत नाही. एकदा तू तक्रार केली होतीस, की बाबा, तुझा निम्मा निरोप आईलाच असतो, मधेच मला सोडून तिच्याशी बोलतोस. मला ते निम्मे हवेत. त्यात कुठंतरी मी म्हणत असेन, सरकार, पायरी आहे. सरकार, थांब. दार, डोकं सांभाळ. इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, रस्त्यावरचा गोंगाट असला तरी चालेल, एवढीएवढी वाक्यं कापून फोनच्या बटणांवर बसवता येतात, मी पॅसेजमधून दाबीन. माझ्या फोनमधले निरोप काकानं जागा पुरत नाही म्हणून साफ केले, आणि तूही मध्यंतरी फोन बदललास हे मला माहीत आहे. शोधून बघ. नसतील तर नाहीत, रडत बसू नकोस, तुझा काही दोष नाही आणि माझ्या हातात तर आता काहीच उरलेलं नाही. आईला मी यातलं सांगितलेलं नाही. कंपनीतल्या त्या मुलीनं फोन ठेवल्यावर आईचा चेहरा मी बघितलाय, तो पुन्हा बघायचा नाही. असतील-नसतील ते मलाच कळव. आणि फोनही कर. आई उचलेल आणि माझ्या कानाला लावेल. तू बोलत राहा, तुझं काय चाललंय ते सगळं सांग, माझ्यासारखं लांबण लाव. मी नखानं टिचकी मारीन. कधी ती ऐकू येणार नाही, पलीकडे कुणीच नाही असं वाटेल. तरी ठेवू नकोस. मी तिथंच असतो.

तुझाच, न बोलणारा पण ऐकणारा,
बाबा